कॉम्प्युटरचा पाया पक्का करा, तोही मोफत!

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालघर आणि बोईसर स्टेशनच्या बाहेर कॉम्प्युटर क्लासच्या जाहिराती झळकू लागतात. 'शंभर टक्के नोकरी', 'सहा महिन्यांत सॉफ्टवेअर इंजिनिअर' असली वाक्ये मोठमोठ्या अक्षरांत असतात. एमआयडीसीत कंत्राटी काम करणारा बाप ती वाचतो, घरी येऊन हिशेब मांडतो, पतपेढीतून कर्ज काढतो, नाहीतर घरातले सोने गहाण ठेवतो आणि मुलाला क्लासला घालतो. सहा महिन्यांनी घरात लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र येते. मुलाला दोन-चार सॉफ्टवेअर चालवता येऊ लागतात. पण मुलाखतीत कोणी विचारले की, बाबा रे, कॉम्प्युटर बेरीज करतो म्हणजे आत नेमके काय होते, तर तो गप्प बसतो. प्रमाणपत्र हातात असते, पण ज्ञान पदरात पडलेले नसते.

सगळेच क्लास वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही. चांगला शिक्षक भेटला तर फी वसूल होते. पण पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक आईवडिलांनी दोन प्रश्न स्वतःला विचारले पाहिजेत. आपल्या मुलाने शिकायचे काय? आणि तेच शिक्षण दुसरीकडे फुकट मिळत असेल तर कर्ज कशासाठी काढायचे?

आयआयटीमध्ये प्रवेश मिळवण्यासाठी मुले वर्षानुवर्षे रात्रीचा दिवस करतात. त्याच आयआयटीचे प्राध्यापक कॉम्प्युटर सायन्सचा पाया ज्या व्याख्यानांतून शिकवतात, ती व्याख्याने आज कोणालाही मोबाईलवर मोफत ऐकता येतात. ही थाप नव्हे, खरी गोष्ट आहे. मात्र ज्ञान फुकट झाले म्हणून ते आपोआप घरात येऊन बसत नाही. त्यासाठी घरात जागा करावी लागते, वेळ काढावा लागतो आणि सोबत शोधावी लागते. या लेखात आम्ही या दोन्ही बाजू मांडणार आहोत.

वापरणे वेगळे, समजणे वेगळे

आपल्या राज्यात २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने गावोगावच्या लाखो लोकांच्या हाती माउस दिला. हे मोठे काम झाले. सरकारी नोकरीसाठी तो दाखला लागतो, म्हणून तो जरूर घ्यावा. पण तो कॉम्प्युटर वापरण्याचा अभ्यासक्रम आहे. टाइप करणे, तक्ता बनवणे, ईमेल पाठवणे, एवढी त्याची मर्यादा आहे.

फरक समजण्यासाठी तारापूर एमआयडीसीतल्या कोणत्याही कारखान्याकडे पाहा. मशीनवर ऑपरेटर असतो आणि मेंटेनन्सचा फिटर असतो. कोणते बटण दाबले की काय होते हे ऑपरेटरला ठाऊक असते. मशीन बंद पडले की मात्र फिटरला बोलावतात, कारण बटणामागे काय आहे ते त्याला ठाऊक असते. मशीन बदलले की ऑपरेटरला पहिल्यापासून शिकावे लागते. फिटरला तेवढी अडचण येत नाही. मोटर कशी चालते, व्हॉल्व्ह कसा उघडतो हे एकदा समजले की नवे मशीनही तो समजून घेतो.

सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. १९९० नंतरच्या दहा वर्षांत आपल्या अनेक तरुणांनी पैसे भरून फॉक्सप्रो आणि पेजमेकर शिकले. आज त्या दोन्हींना कोणी विचारत नाही. पण त्या काळात ज्यांनी प्रोग्राम म्हणजे काय, माहितीची मांडणी कशी करतात, हे समजून घेतले, त्यांचे शिक्षण वाया गेले नाही. कॉम्प्युटर सायन्सचा पाया तो हाच. आकडे आणि अक्षरे मशीनमध्ये कशी साठवतात, तर्क म्हणजे लॉजिक कसे चालते, एखादे काम पायरीपायरीने कसे मांडायचे, माहिती कशी रचायची, एक कॉम्प्युटर दुसऱ्याशी कसा बोलतो, या गोष्टी वर्षागणिक बदलत नाहीत.

चांभाराच्या मुलाचे गणित एमआयडीसीच्या पॅनलमध्ये

हा पाया फार अवघड आहे, तो आपल्या मुलांचा प्रांत नव्हे, असे काही पालकांना वाटते. त्यांना आम्ही सांगू इच्छितो की या पायातला निम्मा भाग आपल्या घरातला कामगार रोज हाताळतो. फक्त त्याचे नाव त्याला कोणी सांगितलेले नसते.

केमिकल कारखान्यातल्या रिअ‍ॅक्टरचे उदाहरण घ्या. झाकण बंद असेल आणि थंड पाण्याचा पुरवठा चालू असेल, तरच वाफ सोडायची. तापमान मर्यादेबाहेर गेले किंवा दाब वाढला, तर अलार्म वाजला पाहिजे. हे 'आणि', 'किंवा', 'नाही' म्हणजेच कॉम्प्युटरचे लॉजिक. कंट्रोल पॅनलमध्ये बसवलेला पीएलसी नावाचा लहान कॉम्प्युटर दिवसरात्र हेच तपासत असतो. १९६८-६९ च्या सुमारास अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांसाठी तो तयार झाला. त्याआधी हेच काम रिले आणि तारांच्या जंजाळाने करावे लागे. तारापूरमध्ये आगी आणि स्फोट झालेले आपण पाहिले आहेत. म्हणून हे 'आणि-किंवा' बरोबर मांडलेले असणे हा कामगाराच्या जिवाशी निगडित विषय आहे.

आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेल्या मुलाला हे लगेच समजेल. दोन स्विच सिरीजमध्ये जोडले तर दोन्ही चालू असतील तेव्हाच दिवा लागतो, हे 'आणि'. दोन स्विच पॅरललमध्ये जोडले तर कोणताही एक चालू असला तरी दिवा लागतो, हे 'किंवा'. जिन्याच्या दिव्याला वर एक आणि खाली एक असे टू-वे स्विच असतात. त्यातला कोणताही एक फिरवला की दिव्याची स्थिती बदलते. या तिसऱ्या प्रकाराला कॉम्प्युटरच्या भाषेत 'एक्सॉर' म्हणतात, आणि कॉम्प्युटर बेरीज करतो ती याच्याच आधारे. जिन्याचा दिवा जोडणाऱ्या मुलाने कॉम्प्युटरच्या बेरजेचा एक तुकडाच जोडलेला असतो.

हे तर्काचे गणित मांडले कोणी? इंग्लंडमधल्या जॉर्ज बूल यांनी. त्यांचा जन्म १८१५ साली झाला. वडील जोडे शिवणारे कारागीर होते. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे सोळाव्या वर्षी त्यांनी शाळामास्तरकी पत्करून कुटुंबाचा भार उचलला. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. ते भाषा शिकले आणि वरचे गणितही शिकले, बहुतेक सारे पुस्तके मिळवून स्वतःच्या बळावर. पुढे १८४९ साली आयर्लंडमधल्या कॉर्कच्या कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले आणि १८५४ साली त्यांनी विचारांच्या नियमांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे ऐंशी वर्षांनी, १९३७ साली, अमेरिकेतल्या क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दाखवून दिले की बूल यांचे गणित विजेच्या रिलेंना तंतोतंत लागू पडते. आजचा प्रत्येक कॉम्प्युटर आणि प्रत्येक मोबाईल त्यावर उभा आहे.

चांभाराच्या घरात जन्मलेल्या, पदवी नसलेल्या माणसाच्या गणितावर सारे जग चालते आहे. मग हा आपल्या मुलांचा प्रांत नाही, असे कोणी म्हणावे?

आज रात्री घरी करून पाहा

घरात कॉम्प्युटर नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही. पुढचे दोन खेळ आईवडील आणि मुले जेवणानंतर बसून करू शकतात. कॉम्प्युटर सायन्स कागद-पेन्सिलीने शिकवण्याची पद्धत न्यूझीलंडमधल्या शिक्षकांनी १९९० नंतर विकसित केली आणि ती आज जगभर वापरली जाते. पहिला खेळ त्यातलाच आहे.

पहिला खेळ असा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे पाच तुकडे कापा. त्यांवर अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ ठिपके काढा आणि याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा. आता कोणतीही तारीख सांगा. समजा, १४ एप्रिलमधली १४. कोणते तुकडे उघडे ठेवले तर ठिपक्यांची बेरीज १४ होईल? ८, ४ आणि २. म्हणजे १६ पालथा, ८ उघडा, ४ उघडा, २ उघडा, १ पालथा. उघड्याला १ आणि पालथ्याला ० लिहा. उत्तर येते ०१११०. कॉम्प्युटर चौदा हा आकडा असाच साठवतो. पाच तुकड्यांत शून्यापासून ३१ पर्यंतचा प्रत्येक आकडा मांडता येतो, म्हणजे महिन्याची कोणतीही तारीख. सहावा तुकडा ३२ ठिपक्यांचा घेतला की ६३ पर्यंत जाता येते. आठ तुकडे घेतले की शून्य ते २५५ असे २५६ आकडे मांडता येतात. 'बिट' आणि 'बाइट' हे शब्द मुलांनी ऐकलेले असतात. एक तुकडा म्हणजे एक बिट आणि आठ तुकडे म्हणजे एक बाइट.

अक्षरांचेही असेच. प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून दिलेला असतो. १९९१ साली युनिकोड नावाची जगाची एक यादी प्रसिद्ध झाली आणि तिच्यात देवनागरीलाही जागा मिळाली. त्या यादीत 'अ' चा आकडा २३०९ आहे आणि 'क' चा २३२५. पूर्वी एका फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की भलतीच अक्षरे नाहीतर ठोकळे दिसत, कारण प्रत्येक फॉन्टवाल्याचे आकडे वेगळे असत. आज आपला मराठी निरोप कोणत्याही मोबाईलवर वाचता येतो तो या सामाईक यादीमुळे.

दुसरा खेळ. आईने मनात १ ते १००० मधला एक आकडा धरावा. मुलाने प्रश्न विचारावेत आणि आईने 'जास्त', 'कमी' किंवा 'बरोबर' एवढेच सांगावे. एकापासून एकेक आकडा विचारत गेला तर मुलाला हजार प्रश्न लागू शकतील. पण दर वेळी मधला आकडा विचारला, म्हणजे आधी ५००, मग उत्तराप्रमाणे २५० किंवा ७५०, तर जास्तीत जास्त दहा प्रश्नांत आकडा सापडतो. आता आकडे हजारऐवजी दहा लाख घ्या. प्रश्न किती वाढतील? पुष्कळ वाढतील असे वाटते, पण प्रत्यक्षात वीस पुरतात. क्रमाने लावलेल्या दहा लाख नावांतून एक नाव कॉम्प्युटर चुटकीसरशी काढतो, त्याचे एक मोठे कारण ही युक्ती आहे. मशीन वेगवान असते हे खरेच, पण युक्ती चांगली असावी लागते. अशा पायरीपायरीच्या युक्तीला 'अल्गोरिदम' म्हणतात. आणि यादी क्रमाने लावलेली नसेल तर ही युक्ती चालत नाही, म्हणून माहितीची रचनाही महत्त्वाची. पदवीच्या वर्गात 'डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम' या नावाने जो विषय शिकवतात, त्याचे पहिले पाऊल हे आहे.

मोफत शिक्षण कोठे मिळते?

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळू. पुढे सांगितलेली ठिकाणे ओळखीची आणि भरवशाची आहेत.

पहिले, एनपीटीईएल आणि स्वयम्. देशातल्या आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून केंद्र सरकारच्या मदतीने २००३ साली एनपीटीईएल सुरू केले. २०१७ साली केंद्राने 'स्वयम्' हा मंच सुरू केला आणि एनपीटीईएलचे अभ्यासक्रम त्यावर मिळू लागले. जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत नोंदणी होते. अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात. नोंदणी, व्याख्याने आणि दर आठवड्याचा गृहपाठ सारे मोफत. नवशिक्यांसाठी आयआयटी रोपडचे प्राध्यापक सुदर्शन अय्यंगार यांचा 'जॉय ऑफ कॉम्प्युटिंग' हा पायथन भाषेतला अभ्यासक्रम सोपा आहे. सी भाषेसाठी आयआयटी खरगपूरचे प्राध्यापक अनुपम बसू यांचा अभ्यासक्रम आहे. पुढची पायरी म्हणून चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक माधवन मुकुंद यांचा डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमवरचा अभ्यासक्रम घ्यावा. काही अभ्यासक्रमांचे मराठी भाषांतरही उपलब्ध आहे.

प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी भरावी लागते आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. गृहपाठाचे २५ आणि परीक्षेचे ७५ असे गुण असतात. गृहपाठात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण मिळाले की उत्तीर्ण. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना परीक्षा फीमध्ये सवलत दिली जाते, तिच्या त्या सत्राच्या अटी नोंदणी करताना वाचाव्यात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती लागू झाल्या आहेत. तेव्हा केंद्र सरकारच्या नमुन्यातला जातीचा दाखला काढलेला नसेल तर ते काम आताच हातात घ्यावे. ऐन वेळी धावपळ करून दाखला मिळत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

कॉलेजात शिकणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक 'स्वयम्'मधून मिळवता येतात. पण त्यासाठी आपल्या कॉलेजची मान्यता लागते. म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी विभागप्रमुखांना भेटून लेखी विचारून घ्यावे.

दुसरे, आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल'. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने पवईत हा प्रकल्प उभा राहिला. दहा-दहा मिनिटांचे धडे, आणि त्यांतले पुष्कळ मराठी आवाजात! लिनक्स, सी, जावा, पायथन, लिबरऑफिस असे अनेक विषय आहेत. पडद्याच्या एका बाजूला धडा चालवायचा, दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करून पाहायचे, अशी पद्धत आहे. धडे एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालतात. इंग्रजीची धास्ती असलेल्या मुलामुलींनी येथूनच सुरुवात करावी.

तिसरे, परदेशातले अभ्यासक्रम. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचा 'सीएस-५०' हा अभ्यासक्रम डेव्हिड मॅलन शिकवतात. तो 'स्क्रॅच' या चित्रांच्या ठोकळ्यांनी प्रोग्राम जोडण्याच्या भाषेपासून सुरू होतो, मग सी आणि पायथनकडे जातो. हार्वर्डच्या स्वतःच्या पानावरून तो मोफत पुरा करता येतो. तेथले गृहपाठ कठीण असतात, म्हणून तो दुसऱ्या टप्प्यावर घ्यावा. इतर काही परदेशी मंचांवर व्याख्याने फुकट दिसतात, पण प्रमाणपत्राला डॉलरमध्ये पैसे पडतात. कार्डाचा नंबर देण्यापूर्वी नीट वाचावे.

फुकट असूनही पुरे का होत नाही?

आता दुसरी बाजू. हार्वर्ड आणि एमआयटी या दोन संस्थांच्या मोफत अभ्यासक्रमांच्या २०१२ ते २०१८ या काळातल्या नोंदी तपासून जस्टिन राइक आणि होसे रुईपेरेझ या दोन संशोधकांनी २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पुरा केला. त्यांना असेही आढळले की या मोफत शिक्षणाचा लाभ घेणारे बहुसंख्य लोक सुस्थितीतल्या देशांतले होते. म्हणजे दार सर्वांना उघडे असले तरी आत गेले ते बहुतेक आधीच पुढे असलेले. आम्हांला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी थोडे पैसे भरले होते, त्यांच्यातले जवळजवळ निम्मे शेवटपर्यंत पोहोचले. याचा अर्थ पैसे भरल्याने बुद्धी येते असा नव्हे. ज्याने काही पणाला लावले, तो टिकला, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याजवळ लावायला पैसे नाहीत. पण वेळ आणि सोबत या दोन गोष्टी आपण निश्चित लावू शकतो.

वेळेची अडचण खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. बारा तासांची शिफ्ट करून खैरापाड्याला किंवा सरावलीला घरी परतलेल्या तरुणाच्या अंगात त्राण उरत नाही. विरारच्या पुढे नोकरीला जाणाऱ्याचे रोजचे कित्येक तास गाडीत जातात. पण कामकरी माणसाच्या वेळेप्रमाणे शिक्षणाची वेळ ठरवावी लागते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणूनच १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळच्या वर्गांची सोय ठेवली गेली. आज कॉलेजने वेळ बदलण्याचीही गरज उरलेली नाही. व्याख्यान आपल्यासाठी रात्री दहालाही तयार असते आणि पहाटे पाचलाही. गाडीत बसायला जागा मिळाली तर उतरवून ठेवलेला धडा पालघर ते विरार एवढ्या प्रवासात ऐकून होतो.

घराने काय करावे?

या पानाच्या वाचक माता-पित्यांना आमच्या काही सूचना आहेत.

एक, आठवड्याचे पाच तास ठरवा. रोज पाऊण तास असो की सुट्टीच्या दिवशी सलग, पण वेळ ठरलेली असावी. त्या वेळेत टीव्ही बंद, पाहुणे आले तरी अभ्यास चालू.

दोन, मुलीचा वेळ राखा. मुलगा मोबाईल घेऊन बसला तर तो अभ्यास करतो असे आपण धरून चालतो. मुलगी मोबाईल घेऊन बसली की तिला भांड्यांची आठवण करून देतो. पाणी भरणे, स्वयंपाक, धाकट्या भावंडांना सांभाळणे यातून तिच्या वाट्याला रात्रीचे अकरा उरतात. तिचे पाच तास वडिलांनी आणि भावाने स्वतः काम उचलून तिला काढून दिले पाहिजेत. ज्या घरात हे होत नाही, तेथे मोफत शिक्षण फक्त मुलापुरते मोफत असते.

तीन, एकट्याने शिकू नका. वस्तीतल्या चार-पाच जणांनी गट करावा. आठवड्यातून एकदा विहाराच्या खोलीत किंवा समाजमंदिरात बसून जो धडा झाला तो एकाने फळ्यावर इतरांना समजावून सांगावा. ज्याला समजावता येते त्यालाच समजले, ही साधी कसोटी आहे. गटात एखादा आयटीआयवाला इलेक्ट्रिशियन आणि एखादी सायन्सची विद्यार्थिनी असेल तर फारच उत्तम. दोघांनाही एकमेकांकडून शिकण्यासारखे असते.

चार, मशीन सामाईक घ्या. मोबाईलवर व्याख्यान पाहता येते, छोटा प्रोग्रामही लिहून पाहता येतो, पण बोटाएवढ्या कीबोर्डवर महिनोन्‌महिने काम होत नाही. नवा लॅपटॉप परवडत नसेल तर गटाने वर्गणी काढून एक जुना, चालू स्थितीतला कॉम्प्युटर घ्यावा आणि त्यावर लिनक्स टाकावे. लिनक्स फुकट असते आणि जुन्या मशीनवरही बरे चालते.

सहा महिन्यांचा क्रम

पहिला महिना: कागदावरचे खेळ, बिट-बाइट, लॉजिक, आणि स्पोकन ट्युटोरियलमधून मराठीत लिनक्सची ओळख. दुसरा ते चौथा महिना: पायथन किंवा सी यांपैकी एकच भाषा, एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाबरोबर. एकही गृहपाठ चुकवायचा नाही. पाचवा आणि सहावा महिना: डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम, आणि सोबत स्वतःचे एक छोटे काम. बचत गटाचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम, विहाराच्या वाचनालयातल्या पुस्तकांची नोंद, वडिलांच्या ओव्हरटाइमचा हिशेब, काहीही चालेल. आपल्या माणसाच्या उपयोगी पडणारा एक प्रोग्राम दहा प्रमाणपत्रांइतका बोलतो. ओव्हरटाइमचा हिशेब तर ठेकेदारासमोर बोलतो!

सत्र सुरू होण्याची तारीख आणि आपली तयारी यांचा मेळ बसला नाही तरी हरकत नाही. जुन्या सत्रांची व्याख्याने पाहायला मिळतात. पहिल्या खेपेला नुसते शिकावे, दुसऱ्या खेपेला परीक्षा द्यावी.

दोन शंका

काही पालक विचारतात, आता तर एआय नावाचे मशीनच प्रोग्राम लिहून देते, मग मुलांनी शिकायचे कशाला? प्रश्न योग्य आहे. मशीन लिहून देते हे खरे, पण चुकाही करते, आणि चूक अगदी आत्मविश्वासाने समोर ठेवते. रिअ‍ॅक्टरच्या पॅनलमध्ये 'आणि'च्या जागी 'किंवा' पडले तर काय होईल, हे ओळखायला पाया लागतो. नुसती बटणे दाबणाऱ्याचे काम मशीन घेईल हा धोका खरा आहे. आणि म्हणूनच बटणामागचे समजणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे.

दुसरी शंका, याने नोकरी लागेल का? तशी हमी आम्ही देणार नाही आणि जो देतो त्याच्यापासून सावध राहा असे सांगू. 'आधी पैसे भरा, नोकरी नक्की' म्हणणाऱ्याकडे लेखी मागा. मागच्या वर्षी कोणाला, कोणत्या कंपनीत, किती पगारावर नोकरी लागली ते विचारा आणि त्या मुलांना प्रत्यक्ष भेटा. पाया शिकलेल्या मुलाला नोकरीच्या दारात उभे राहण्याचे बळ येते, पुढचा अभ्यासक्रम निवडताना त्याची फसगत होत नाही, आणि घर कर्जात जात नाही. एवढे लाभ निश्चित आहेत.

तारापूरच्या अणुवीज केंद्राने १९६९ साली देशात प्रथम अणुशक्तीची वीज पुरवली. त्या विजेवर मुंबईचे दिवे लागले, एमआयडीसीचे कारखाने उभे राहिले. आपल्या वस्त्यांतल्या माणसांनी खोदकाम केले, सिमेंट वाहिले, पाइप जोडले. कंट्रोल रूमच्या खुर्चीत मात्र आपली माणसे मोजकीच दिसली, कारण त्या खुर्चीपर्यंत नेणारे शिक्षण आपल्या आवाक्यात नव्हते. आज त्या शिक्षणाचा मोठा भाग खिशातल्या मोबाईलमध्ये आहे आणि त्याला फी नाही.

तेव्हा येत्या रविवारी लग्नपत्रिकेचे पाच तुकडे कापा, मुलांना जवळ बसवा आणि सुरुवात करा. मुलगा बसला असेल आणि मुलगी स्वयंपाकघरात असेल, तर आधी तिला हाक मारा.